बॉबी जोन्स आणि लाकडी दांडा

गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, आपला काय संबंध? मलाही तसंच वाटायचं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चुकलं तर सांभाळून घ्या!) गेल्या सुट्टीत भामरागडला काकांकडे गेलो होतो. शेजारचे माडिया आजोबा अंगणात कुऱ्हाडीचा दांडा बदलत होते. जुना तुकडा नेढ्यातून ठोकून काढला, धावड्याचा नवा दांडा तासला, परत परत घालून बघितला आणि शेवटी पाचर मारली. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, म्हणून मोडलेलं घरीच नीट करायचं, ही तिथली जुनी सवय. ते बघताना मला बॉबी जोन्स आठवला.

जोन्सचा जन्म १७ मार्च १९०२ चा, अमेरिकेतल्या अटलांटाचा. लहानपणी प्रकृती नाजूक. घराजवळच्या ईस्ट लेक मैदानावर स्टुअर्ट मेडन नावाचे स्कॉटिश प्रशिक्षक होते. त्यांचं बघून बघूनच तो खेळायला शिकला. आणि खास गोष्ट म्हणजे तो आपल्याच बिरादरीतला, जॉर्जिया टेकमधून १९२२ साली मेकॅनिकल पास! पुढे हार्वर्डला इंग्रजी साहित्य शिकला आणि नंतर वकील झाला.

त्या काळी गोल्फ स्टिकचे दांडे हिकरी लाकडाचे असत. टोक निमुळतं तासून लोखंडी डोक्याच्या नळीत बसवायचं, आरपार पिन ठोकायची आणि जोडावर मेणाचा दोरा गुंडाळायचा. फटका मारताना लाकूड पीळ खातं, शिवाय दोन दांडे कधीच सारखे नसतात. म्हणजे दांडा बदलला की हातही नव्याने बसवावा लागायचा. जोन्सचा लाडका पटर ‘कॅलॅमिटी जेन’ १९२० मध्ये त्याच्याकडे आला. त्याच्या तडकलेल्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे होते. तरी त्याने तो टाकला नाही. (आज दांडे स्टीलचे किंवा ग्रॅफाइटचे असतात. नळी तापवून जुना इपॉक्सी मऊ करायचा, दांडा ओढून काढायचा, नळी घासून नवा चिकटवायचा. घरीसुद्धा जमतं.)

पण हा माणूस तरुणपणी भयंकर तापट होता. रागात स्टिक फेकायचा. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजला खेळ बिघडला म्हणून स्पर्धा मधेच सोडून दिली. मग हळूहळू त्याने स्वतःला सावरलं. १९२३ मध्ये पहिली यूएस ओपन जिंकली. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये फटका मारायच्या आधीच त्याचा चेंडू जरासा हलला. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं, पंचांनी त्याच्यावरच सोडलं. त्याने स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला! शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये विली मॅकफार्लेनकडून तो एका फटक्याने हरला. तो दंड नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती.

१९३० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन व अमॅच्युअर अशा चारही मोठ्या स्पर्धा त्याने एकाच वर्षात जिंकल्या, तेही हिकरीच्याच दांड्यांवर. बक्षिसाचे पैसे न घेता, हौशी खेळाडू म्हणून! त्याच वर्षी, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याने मोठ्या स्पर्धांतून निवृत्ती घेतली. नंतर ऑगस्टा नॅशनलचं मैदान उभारलं आणि स्पाल्डिंग कंपनीसाठी स्टीलच्या दांड्यांच्या स्टिक डिझाइन केल्या. १९४८ नंतर मज्जारज्जूच्या आजाराने खेळ कायमचा सुटला, पुढे व्हीलचेअर आली. १८ डिसेंबर १९७१ ला तो गेला.

आता माझी गोष्ट. हॉस्टेलच्या मॅचमध्ये आउट झालो म्हणून रागाने बॅट आपटली. बॅट रूममेटची. हँडल मोडलं आणि मी सांगितलं, आधीच तडा होता. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. भामरागडहून परत आल्यावर त्याला खरं काय ते सांगून टाकलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जुनं हँडल कोरून काढलं, वेताचं नवं चिकटवलं आणि रात्रभर दोरीने आवळून ठेवलं.

सांधा जरा वाकडा झालाय. पण बॅट चालते.