पाय थकले, काम थांबले नाही

मुंबईत कुठेही जा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा ताठ उभाच भेटतो. अंगात कोट, एका हातात राज्यघटना आणि पुढे उंचावलेले बोट. ही प्रतिमा जनमानसात इतकी खोल रुजली आहे की, आयुष्याच्या शेवटच्या आठ-नऊ वर्षांत बाबासाहेबांना स्वतःच्या पायांचा भरवसा उरला नव्हता, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्र-रात्र पाय ठणकत, झोप लागत नसे, उठता-बसता काठीचा किंवा कुणाच्या तरी खांद्याचा आधार लागे. कधी त्याला संधिवात म्हटले जाई, कधी मज्जातंतूंचा दाह. दुखण्याला नावे होती, पण उतार नव्हता. हाती घेतलेली कामे मात्र अशी होती की, त्यांतले एकही अर्ध्यावर टाकता येणे शक्य नव्हते.

या शरीरावर पडलेला ताण फार जुना होता. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब, स्वयंपाक, सरपण, जाते आणि एक शेळीसुद्धा. त्या खोलीत अभ्यासाला जागा मिळावी म्हणून वडील, सुभेदार रामजी, रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे होत. भीमराव रॉकेलच्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचत बसे. मध्यरात्री उठून वाचण्याची ही सवय पुढे सुटली नाही. लंडनमध्ये शिकत असताना ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथे बसायचे आणि रात्री भुकेला पापडांचा आधार द्यायचा, अशी वर्षे गेली. बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतल्यावर परळच्याच बीआयटी चाळीतील दोन खोल्यांचे बिऱ्हाड आणि दामोदर हॉलजवळचे कार्यालय यांच्यात त्यांचा दिवस वाटला गेला. घरात आजारपण पाचवीला पुजलेले. पाच अपत्यांपैकी चार दगावली. पत्नी रमाबाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात वारल्या. आजार घरात शिरला की काय-काय घेऊन जातो, हे बाबासाहेबांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पायांचे दुखणे बळावले ते नेमके देशाच्या सर्वांत निकडीच्या काळात. ऑगस्ट १९४७ मध्ये ते कायदामंत्री झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. समिती सात जणांची. पण एकाने राजीनामा दिला, एक मरण पावले, एक अमेरिकेत, एक संस्थानी कारभारात गुंतलेले, तर एक-दोघे दिल्लीपासून दूर. मसुद्याचा भार अखेर बाबासाहेबांवर पडल्याची कबुली समितीतलेच टी. टी. कृष्णमाचारी यांनी पुढे नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दिली. समितीच्या बैठका १४१ दिवस चालल्या. दिवसा कलमांचा कीस आणि रात्री पायांतील कळा, असा तो काळ होता.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत होते. आजच्या वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर पायांच्या त्या दुखण्याचा धागा बहुधा इथेच सापडतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की, मज्जातंतूंना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सर्वांत लांब मज्जातंतू पावलांपर्यंत जाणारे, म्हणून पहिला फटका पावलांनाच. मुंग्या, आग, पोटऱ्यांत गोळे, क्वचित स्नायूंचे फडफडणे आणि पुढे पायांतली शक्ती जाणे, असा हा क्रम. वेदना रात्री वाढते, त्यामुळे झोपही जाते. तेव्हा साखरेचा अंदाज घ्यायचा तो लघवीत बेनेडिक्टचे द्रावण घालून, परीक्षानळी तापवून. निळा रंग राहिला तर ठीक, विटकरी झाला तर काळजी. घरच्या घरी बोटाला सुई टोचून आकडा पाहण्याची सोय तेव्हा नव्हती आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही पुष्कळ नंतरची. आज सामान्य मधुमेही माणसाला जेवढे कळते, तेवढे तेव्हा देशाच्या कायदामंत्र्यालाही कळणे शक्य नव्हते.

मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी घटना समितीच्या अध्यक्षांना सादर झाला. उपचारांसाठी बाबासाहेबांचा ओढा मुंबईकडे होता. तेथील डॉ. माधवराव मालवणकर यांच्या दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करीत. कबीर कुटुंब दादरचे, मूळचे राजापूर तालुक्यातील. त्या स्वतः ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या. पथ्यपाणी आणि औषधे सांभाळणारे, वैद्यकाचे ज्ञान असलेले कुणीतरी सतत सोबत हवे, असे डॉक्टरांचे मत होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील निवासस्थानी नोंदणी पद्धतीने दोघांचा विवाह झाला आणि शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या. अनुयायांनी त्यांना माई म्हटले. या विवाहावर तेव्हा आणि नंतरही पुष्कळ बोलले गेले, त्यातले बरेचसे अनुदार होते. इन्सुलिनच्या वेळा आणि पथ्याचे ताट सांभाळणाऱ्या हाताकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली. इतर कुणी यानंतर विश्रांती घेतली असती. बाबासाहेबांसमोर हिंदू कोड बिल उभे होते. मुलींना वारसाहक्क, स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार, एकपत्नीत्वाचा कायदा अशा तरतुदींमुळे ते संसदेत वारंवार अडत होते. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपल्या प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांनाही चिंता वाटत असून सुमारे महिनाभराच्या उपचारांसाठी ते आग्रह धरीत आहेत, हे उपचार आता लांबवता येणार नाहीत, म्हणून त्याआधी विधेयक हाती घेऊन निकाली काढावे, असा त्याचा आशय. प्रकृतीची चिंता त्यांनी लपवली नाही, पण ती मांडली ती एका विधेयकाची तारीख लवकर मिळावी म्हणून. आजारी मंत्र्यांची पत्रे सहसा रजेसाठी असतात.

विधेयक त्या वर्षी मंजूर झाले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये तेच विधेयक चार निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाले. मात्र तेव्हा ते सरकारात नव्हते.

त्यानंतरची वर्षे शरीराच्या दृष्टीने उतरणीची. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतच पराभव, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव आणि त्याच वर्षी जून ते ऑक्टोबर अंथरुणाला खिळणे. दृष्टीही अधू होत चालली होती. दिल्लीत २६, अलीपूर रोड येथील बंगल्यात संध्याकाळनंतर नानकचंद रत्तू येत. होशियारपूर जिल्ह्यातील हा तरुण सरकारी नोकर. दिवसभराची कचेरी आटोपून तो बाबासाहेबांची हस्तलिखिते टंकलिखित करी आणि निघण्यापूर्वी त्यांचे पाय दाबून, डोक्याला तेल चोळून जाई. त्यांच्या आठवणींतून दिसणारे बाबासाहेब पुतळ्यातल्यासारखे नाहीत. आपल्या हयातीत काम पुरे होणार नाही या विचाराने ते व्याकूळ होत, प्रसंगी त्यांचे डोळे भरून येत. मरणाच्या भीतीचा उल्लेख तिथे क्वचितच येतो. अपुऱ्या राहिलेल्या पानांचा मात्र पुन:पुन्हा येतो.

ती पाने होती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची. १९५१ मध्ये सुरू केलेले हे लेखन दुखण्यातून दुखण्यात जात १९५६ मध्ये पूर्ण झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेच्या व्यासपीठावर ते आले, तेव्हा एका हातात काठी आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर होता. कुशीनगरचे वयोवृद्ध भदन्त चंद्रमणी यांच्याकडून पती-पत्नींनी दीक्षा घेतली. मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. एका जागी काही वेळ उभे राहणेही ज्यांना कठीण, त्यांनी महिन्याभरात नेपाळचाही प्रवास केला. काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण करून, सारनाथ आणि कुशीनगरचे दर्शन घेऊन ते महिनाअखेरीस दिल्लीला परतले. डॉक्टरी सल्ल्याच्या दृष्टीने हा प्रवास योग्य होता, असे कुणी म्हणणार नाही.

५ डिसेंबरच्या रात्री रत्तूंनी नेहमीप्रमाणे पाय दाबले. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणत होते. झोपण्यापूर्वी त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना नियोजित रिपब्लिकन पक्षासंबंधी लिहिलेली पत्रे जवळ आणून ठेवायला सांगितली. ६ डिसेंबरच्या सकाळी माई त्यांना उठवायला गेल्या, तेव्हा सारे संपले होते. वय ६५ वर्षे.

पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले आणि आधी राजगृहात नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीपर्यंत निघालेल्या अंत्ययात्रेत परळ, लालबाग, नायगावचा कामगार लोटला. 

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाला, पण त्या रात्री उशाशी असलेली प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. ती वाचकांसमोर आली बऱ्याच वर्षांनी. तीत बाबासाहेबांनी आपल्या आजारपणाचा हिशेब मोजक्या शब्दांत दिला आहे. लेखनाच्या पाच वर्षांत प्रकृती इतकी ढासळली की डॉक्टर आपल्याला विझू लागलेल्या ज्योतीत मोजू लागले होते, असे सांगून ती पुन्हा तेवती ठेवल्याचे श्रेय त्यांनी दोघांना दिले आहे : पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना.