एकाच छताखालचे दोन वॉर्ड

दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधांचे आराखडे तपासायची वेळ आली की एक विषय माझ्या टेबलावर हमखास येतो : रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचा अभ्यास. विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. रुग्ण एका आजारासाठी आपल्याकडे येतो आणि इथेच दुसरा आजार घेऊन बसतो. कधी सलाइनच्या सुईतून, कधी लघवीच्या नळीतून, कधी ऑपरेशनच्या जखमेतून. पण मी त्या मुलांना विचारतो, यात तुझा प्रश्न कोणता? विषय म्हणजे प्रश्न नव्हे. त्रास कोणत्या रुग्णांना होतो, कुठे होतो, कशाच्या तुलनेत जास्त होतो, आणि ते कळल्यावर आपण काय करणार, हे दोन-तीन वाक्यांत मांडता आलं नाही, तर वर्षभर आकडे गोळा करूनही हाती काही लागत नाही.

मुलं गोंधळतात. मग मी त्यांना इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट सांगतो. हात धुवायला शिकवणारा डॉक्टर म्हणून त्याचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. पण हात धुण्याआधी त्याने एक नेमका प्रश्न मांडला होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

सेमेलवाइसचा जन्म 1 जुलै 1818 रोजी बुडा शहरात झाला. डॅन्यूब नदीकाठचं हे शहर आज बुडापेस्टचा भाग आहे. वडील किराणा मालाचे व्यापारी. मुलगा 1837 मध्ये कायदा शिकायला व्हिएन्नाला गेला आणि वर्षभरातच वैद्यकाकडे वळला. 1844 मध्ये डॉक्टर झाल्यावर त्याला हवी ती जागा मिळाली नाही, म्हणून तो प्रसूतिशास्त्राकडे आला. जुलै 1846 मध्ये व्हिएन्नाच्या भल्यामोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्राध्यापक क्लाइन यांचा सहायक म्हणून तो रुजू झाला.

या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. 1840 पासून पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. येणाऱ्या बायका बहुतेक गरीब, कित्येक अविवाहित. उपचार फुकट, त्या बदल्यात शिकणाऱ्यांनी त्यांना तपासायचं. आज भरती पहिल्या विभागात, तर उद्या दुसऱ्यात, असा दिवसाआड क्रम होता. कोणती बाई कुठे जाणार हे ती कोणत्या वारी आली यावर ठरे. म्हणजे कोणाच्या मनात नसताना तिथे एक प्रयोगच मांडला गेला होता.

त्या काळी बाळंतिणींचा काळ होता सूतिकाज्वर. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत थंडी वाजून ताप चढे, पोट फुगे, आणि आठवडाभरात धडधाकट बाई जात असे. 1841 ते 1846 या सहा वर्षांत पहिल्या विभागात 20,042 प्रसूती झाल्या आणि 1,989 माता दगावल्या. शंभरात जवळपास दहा. दुसऱ्या विभागात 17,791 प्रसूतींमागे 691 मृत्यू झाले. शंभरात चारही नाहीत. शहरातल्या बायकांना हे चांगलं ठाऊक होतं. पहिल्या विभागाच्या वारी आलेली बाई दुसरीकडे घ्या म्हणून पाया पडत असे. काही जणी वाटेतच, रस्त्यावर बाळंत होत आणि मग दाखल होत. आश्चर्य म्हणजे या रस्त्यावर बाळंत झालेल्या बायकांना ताप फारसा येत नसे.

हे आकडे रुग्णालयाच्या वह्यांमध्ये आधीपासून होते. सूतिकाज्वर का होतो, हा प्रश्नही जुनाच होता आणि त्याची उत्तरंही तयार होती : दूषित हवा, ऋतुमान, बाईची प्रकृती, भीती. सेमेलवाइसने प्रश्न लहान केला. एकाच छताखाली, एकाच शहरातल्या, एकाच परिस्थितीतल्या बायका असताना पहिल्या विभागात दुसऱ्यापेक्षा अडीचपट मृत्यू का? आजच्या भाषेत हे त्याचं समस्या-विधान. आणि उद्देश असा, की दोन विभागांत वेगळं काय आहे ते शोधायचं, ते काढून टाकायचं आणि मृत्यू कमी होतात का ते महिन्यामहिन्याला मोजायचं.

प्रश्न असा मांडल्याबरोबर निम्मी उत्तरं आपोआप गळाली. हवा दूषित असेल तर ती दोन्हीकडे सारखीच. गर्दी म्हणावी, तर बायका पहिला विभाग टाळत असल्याने दुसऱ्यातच जास्त दाटी होई. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर ठेवून बाळंत करत, म्हणून त्याने पहिल्यातही तसंच सुरू केलं. फरक पडला नाही. मरणासन्न बाईकडे जाणारा पाद्री पहिल्या विभागातल्या खोल्यांमधून घंटा वाजवत जात असे; त्या घंटेच्या धसक्याने बायका मरत असतील का? त्याने पाद्र्याला घंटेशिवाय, आडमार्गाने यायला लावलं. तरीही काही फरक नाही. एकेक कल्पना तपासायची, खोटी ठरली तर सोडून द्यायची, हा त्याचा क्रम होता.

1846 च्या अखेरीस चौकशी समिती नेमली गेली. विद्यार्थी, त्यातही परदेशी विद्यार्थी, बायकांना धसमुसळेपणाने तपासतात असा तिचा निष्कर्ष होता. विद्यार्थ्यांची संख्या 42 वरून 20 वर आणली, परदेशी जवळजवळ बंद केले. काही महिने मृत्यू खरोखर कमी झाले. याच काळात सेमेलवाइसची जागा तात्पुरती दुसऱ्याकडे गेली होती. 20 मार्च 1847 रोजी तो परत रुजू झाला आणि नेहमीच्या उत्साहाने कामाला लागला. सकाळी शवागारात जाऊन आदल्या दिवशी दगावलेल्या बायकांचं शवविच्छेदन, मग वॉर्डात गरोदर बायकांची तपासणी. एप्रिलमध्ये 312 प्रसूतींमागे 57 माता गेल्या.

परत आल्या आल्या त्याला आणखी एक बातमी कळली होती. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक आणि त्याचे स्नेही कोलेच्का वारले होते. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली, ते निमित्त झालं. सेमेलवाइसने त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. फुप्फुसाच्या, हृदयाच्या, पोटाच्या आवरणांना आलेली सूज, रक्तवाहिन्यांतला दाह. दगावलेल्या बाळंतिणींच्या शरीरात तो रोज हेच पाहत होता. पुरुषाला सूतिकाज्वर होत नाही, तरी आजार तोच होता. प्रेतातलं काहीतरी सुरीवरून कोलेच्कांच्या रक्तात गेलं. मग तेच काहीतरी डॉक्टरांच्या हातांवरून बाळंतिणींच्या शरीरात जात नसेल कशावरून?

कोडं सुटत गेलं. सुईणी शवविच्छेदन करत नसत, म्हणून दुसरा विभाग सुरक्षित. रस्त्यावर बाळंत झालेलीला आतून तपासायचं कारण उरत नसे, म्हणून ती वाचे. जिच्या कळा लांबत, तिला पुन्हा पुन्हा तपासलं जाई, म्हणून तिला धोका जास्त. जंतूंची कल्पना तेव्हा कोणाला नव्हती. त्याला एवढंच दिसत होतं, की साबणाने धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास राहतो, म्हणजे काहीतरी उरतं. तो वास घालवणारं द्रव्य म्हणून त्याने क्लोरीनचं पाणी निवडलं आणि पुढे ते महाग पडल्यावर ब्लीचिंग पावडरीचं द्रावण. मे 1847 च्या मध्यापासून त्यात हात धुतल्याशिवाय कोणी बाळंतिणीला हात लावायचा नाही, असा नियम झाला.

जूनमध्ये 268 प्रसूतींमागे 6 मृत्यू झाले, जुलैमध्ये 250 मागे 3. पुढच्या संपूर्ण 1848 सालात पहिल्या विभागात 3,556 प्रसूतींमागे 45 माता दगावल्या आणि दोन विभागांतला फरक पुसला गेला. त्या वर्षी दोन महिने असे गेले, की पहिल्या विभागात एकही मृत्यू झाला नाही.

मधे एक धक्का बसला. ऑक्टोबर 1847 मध्ये पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग असलेली बाई होती. तिला तपासून पुढच्या बायकांकडे जाताना डॉक्टरांनी हात नुसत्या साबणाने धुतले. एका ओळीतल्या बारांपैकी अकरा जणी गेल्या. सेमेलवाइसने यावरून आपली मांडणी बदलली. घातक द्रव्य फक्त प्रेतातून नाही, जिवंत माणसाच्या सडणाऱ्या जखमेतूनही येतं. तेव्हा दोन रुग्णांच्या मधेही हात क्लोरीनने धुवायला हवेत. रुग्णालयातल्या संसर्गाबद्दल आज आपण जे शिकवतो, त्याचा गाभा हाच आहे.

या उत्तराची एक बाजू फार जड होती. पहाटे उठून शवविच्छेदन करणारा, बायका का मरतात ते कळावं म्हणून धडपडणारा सेमेलवाइस स्वतःच मृत्यूचा वाहक होता. ते त्याने लेखी कबूल केलं. कीलचे प्राध्यापक मिखाएलिस यांना त्याचं म्हणणं पटलं. आपणच तपासलेली चुलत बहीण सूतिकाज्वराने गेली, हे त्यांना सहन झालं नाही आणि 1848 मध्ये त्यांनी जीव दिला. इतर अनेकांनी सोपा मार्ग घेतला. त्यांनी उत्तरच नाकारलं.

त्यांना मी फार दोष देऊ शकत नाही. निवासी डॉक्टर असताना मी एका वॉर्डात काम केलं, जिथे साठ रुग्णांमागे एकच बेसिन होतं आणि दुपारनंतर नळाला पाणी नसे. एका रुग्णाचं ड्रेसिंग करून दुसऱ्याकडे मी किती वेळा तसाच गेलो असेन, याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्या हातांनी कोणाला काय दिलं, हेही मला कधी कळणार नाही.

सेमेलवाइसच्या स्वतःच्याही चुका होत्या. त्याला लिहायचा कंटाळा होता. त्याचा शोध पहिल्यांदा छापून आला तो त्याचा मित्र, त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा याच्या लेखणीतून. मार्च 1849 मध्ये क्लाइन यांनी त्याची मुदत वाढवली नाही. 1850 मध्ये अखेर शिकवण्याची परवानगी मिळाली, पण प्रात्यक्षिक फक्त पुतळ्यावर करायची अट होती. तो मित्रांचाही निरोप न घेता पेस्टला निघून गेला. तिथल्या सेंट रॉक रुग्णालयात 1851 ते 1857 या काळात त्याने 933 प्रसूतींमागे केवळ 8 मृत्यू होऊ दिले. तो प्राध्यापक झाला, संसार थाटला. पण शोधावरचं पुस्तक यायला 1861 उजाडलं. आणि आलं ते लांबलचक, पुनरुक्तीने भरलेलं, विरोधकांवर तुटून पडणारं. पुढे त्याने जाहीर पत्रांतून नावं घेऊन प्राध्यापकांना खुनी ठरवलं. सूतिकाज्वराच्या प्रत्येक रुग्णाला एकच कारण असतं, हा त्याचा हट्टही समोरच्यांना दूर लोटणारा होता.

1865 मध्ये त्याचं मानसिक संतुलन ढळलं. हेब्राने त्याला व्हिएन्नाला बोलावून मनोरुग्णालयात दाखल केलं. तिथे त्याला मारहाण झाल्याच्या खुणा त्याच्या शवविच्छेदनात दिसतात. हाताची जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि 13 ऑगस्ट 1865 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी तो गेला. ज्या आजाराशी तो झगडला, जवळपास त्यानेच. आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या पायाच्या उघड्या जखमेवर पहिल्यांदा कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती. 1879 मध्ये पाश्चर यांनी सूतिकाज्वराचे साखळीसारखे जंतू दाखवून दिले, तेव्हा सेमेलवाइसला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

ही गोष्ट सांगून झाली की मी विद्यार्थ्यांना आराखडा परत देतो. सेमेलवाइसकडे सूक्ष्मदर्शकातला पुरावा नव्हता, निधी नव्हता, संगणक नव्हता. त्याच्याकडे तुलना करता येतील असे दोन वॉर्ड, दर महिन्याचे खरे आकडे आणि ते आपल्याविरुद्ध गेले तरी मान्य करायची तयारी होती. तुमच्या वॉर्डात काय आहे ते पाहा, म्हणतो. गेल्या वर्षी एक मुलगी आठवड्याने नवा कागद घेऊन आली. आमच्या वॉर्डात लघवीची नळी गरज संपल्यावरही किती दिवस राहते, जास्त दिवस नळी राहिलेल्यांना संसर्ग जास्त होतो का, आणि रोज सकाळी नळीची गरज आहे का हे लिहून ठेवल्याने तो कमी होतो का. तीन ओळी होत्या. मी लगेच सही केली.

वाचकांनीही एक करावं. हात साबणाने नीट धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, सॅनिटायझर चोळायला 20 ते 30 सेकंद. रुग्णालयात आपल्या माणसाला भेटायला जाताना आणि निघताना तेवढा वेळ द्या. आणि डॉक्टर किंवा सिस्टर खाटेपाशी आल्या, की हात स्वच्छ केलेत का, हे त्यांना नम्रपणे विचारा. माझ्या वॉर्डात मला कोणी असं विचारलं तर सुरुवातीला थोडं खटकतं, हे मान्य करतो. पण मग मी बेसिनकडे जातो.