शाळाच मुलांकडे नेणाऱ्या ताराबाई मोडक

मूल शाळेत जाण्यास तयार नसले की दोष बहुधा मुलाच्याच माथी मारला जातो. ताराबाई मोडक यांनी मात्र अशा वेळी शाळेचे काय चुकते, हे पाहिले. म्हणूनच त्यांचे चरित्र आजही मननीय आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सदाशिवराव केळकरांच्या घरी झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह तुटल्याचे दुःख त्यांनी सोसले. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या सहकारी झाल्या. मारिया माँटेसरी यांच्या विचारांना तेथे देशी रूप मिळत होते. भय व शिक्षा यांच्या धाकाने मूल शिकत नाही, ही श्रद्धा त्यांच्या मनात दृढ झाली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला व १९३६ मध्ये दादरला शिशुविहार.

तरीही खेड्यातील गरीब मूल दूरच होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, परंतु दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दूर लोटले, ती एका हाकेसरशी कशी येणार? तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या. मुलांना न्हाऊमाखू घालावे, त्यांची नखे कापावीत, मग अंगणातच गाणी, गोष्टी व खेळ घ्यावेत, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथील वारली मुले गुरे राखीत, धाकटी भावंडे सांभाळीत. त्यांची गैरहजेरी हा आळस नव्हता; ते घरचे ओझे होते. म्हणून गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली. बाळाला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू शके. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे व पाने आली. आपल्या ओळखीच्या वस्तू हाती येताच बुजरी मुले मोकळी होऊ लागली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, तो वसा चालवला. १९७५ साली सरकारी बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

वाचकहो, आपल्या घरात वा संडे स्कूलमध्येही एखादे मूल असे असेल. सकाळ झाली की त्याचे पोट दुखते, वर्गात ते कोणाशी बोलत नाही. त्याला हट्टी म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ बसावे. कोणाची भीती आहे, कोणते ओझे आहे, हे शांतपणे जाणून घ्यावे आणि शिक्षकांच्या साहाय्याने ते हलके करावे. मुलापर्यंत जाणारे पहिले पाऊल मोठ्यांनीच टाकायचे असते. ताराबाईंनी ते आयुष्यभर टाकले.