कविराज राजशेखर

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन काळचे वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. या नगराला साहित्यात अढळ स्थान देणारा एक नाटककार सुमारे अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव राजशेखर.

राजशेखराचा जन्म यायावर कुळात झाला. त्याच्या पित्याचे नाव दुर्दुक व मातेचे शीलवती. त्याचा पणजा अकालजलद हा थोर कवी असून महाराष्ट्राचे भूषण म्हणून ओळखला जाई. राजशेखराची कीर्ती मात्र दूर उत्तरेस पसरली. कनोजचा प्रतीहार राजा महेंद्रपाल याचा तो गुरू होता. महेंद्रपालाचा पुत्र महीपाल यानेही त्याला आश्रय दिला. पुढे जबलपूरजवळील त्रिपुरी येथे कलचुरी राजाच्या सभेतही त्याचा सन्मान झाला. 'बालरामायण', 'बालभारत' आणि 'विद्धशालभंजिका' ही त्याची संस्कृत नाटके होत.

त्या काळी नाटकांत राजे व पंडित संस्कृत बोलत. स्त्रिया आणि सेवक यांच्या तोंडी प्राकृत असे. संस्कृत ही विद्वानांची भाषा, तर प्राकृत ही लोकभाषेला जवळची. राजशेखर दोन्ही भाषांत निपुण होता. तरीही त्याने 'कर्पूरमंजरी' हे संपूर्ण नाटक प्राकृतातच रचले आणि राजाच्या मुखीही तीच भाषा घातली. भाषा कोणतीही असो, उक्तीत सौंदर्य असले म्हणजे ते काव्यच, अशी त्याची धारणा होती. या नाटकाची नायिका वत्सगुल्म नगरातून आणलेली दाखविली आहे.

'कर्पूरमंजरी'चा प्रयोग त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून झाला. ती चौहान कुळातील विदुषी होती. आपल्या ग्रंथात राजशेखराने तिची मते तिच्या नावानिशी नमूद केली आहेत. प्रतिभा ही आत्म्याची शक्ती आहे. तिच्या ठायी स्त्री-पुरुष असा भेद नाही, हे त्याने त्या काळी निःशंकपणे लिहून ठेवले.

हा ग्रंथ म्हणजे 'काव्यमीमांसा'. कवीने दिवसाची वाटणी कशी करावी, जवळ फळा, खडू, लेखणी, शाई, ताडपत्रे व भूर्जपत्रे कशी ठेवावीत, येथपर्यंत सर्व काही त्यात आहे. अग्नी आणि पाणी ग्रंथांचा नाश करतात, म्हणून पूर्ण झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती कराव्यात, असेही त्याने बजावले आहे. पण दैव कसे पाहा! अठरा भागांच्या या योजलेल्या ग्रंथाचा पहिलाच भाग आज उपलब्ध आहे. तो १९१६ साली बडोद्याहून छापून प्रसिद्ध झाला.

त्या एका भागात एक सुंदर कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला वश करण्यासाठी पार्वतीने साहित्यविद्या नावाची कन्या निर्माण केली व त्याच्यामागे धाडली. दोघांनी चारही दिशांचे देश पालथे घातले. अखेरीस त्यांचा विवाह झाला, तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात!

मुलांनो, कनोज आणि त्रिपुरी यांची वैभवे पाहिलेल्या या कवीने काव्य आणि विद्या यांच्या विवाहासाठी निवडले ते आपले वाशीम.