कलाशिक्षक धुरंधर

मुंबईत आजच्या महात्मा फुले मंडईजवळ सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेची जुनी इमारत उभी आहे. सर जमशेटजींच्या उदार देणगीतून १८५७ साली ही शाळा सुरू झाली. १८९० च्या जानेवारीत कोल्हापूरचा एक २२ वर्षांचा तरुण विद्यार्थी म्हणून तिच्या दारातून आत गेला. ४० वर्षांनंतर तोच मनुष्य त्या शाळेचा प्रमुख म्हणून काम पाहू लागला. त्याचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. लहानपणापासूनच त्यांना चित्रे काढण्याचा नाद होता. कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांच्या कामाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला होता. त्या काळी शिकलेल्या मुलाने कचेरीत नोकरी धरावी, अशीच घरोघरी अपेक्षा असे. चित्रकला हा फावल्या वेळेचा छंद; तिच्यावर कुटुंबाचे पोट कसे भरणार, असे लोक समजत. धुरंधरांनी मात्र शालेय शिक्षण संपताच याच कलेचा रीतसर अभ्यास करण्याचे ठरवले.

कलाशाळेतील अभ्यास सोपा नव्हता. तेथील शिक्षणपद्धती इंग्लंडातून आलेली होती. विद्यार्थ्याच्या हाती आरंभीच रंग पडत नसत. त्याच्यासमोर ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या पांढऱ्या प्रतिकृती ठेवीत. खांद्यापासून कोपरापर्यंत किती अंतर, मान किती कललेली, प्रकाश कोठे पडला आणि सावली कोठे गडद झाली, हे नजरेने मोजून कागदावर उतरवावे लागे. एक रेषा चुकली की सारी आकृती बिघडे. मग ती पुसून पुन्हा काढायची. हात तयार झाला, म्हणजे समोर बसलेल्या जिवंत माणसाचे चित्र काढायचे. अशा अभ्यासात महिने आणि वर्षे जात. ज्याचा धीर सुटे, तो मागे पडे.

त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून अनेक वर्षे खपून करवून घेतल्या होत्या. अशा गुरूच्या शाळेत शिकताना धुरंधरांनी एक गोष्ट मनात पक्की बांधली. हाताला वळण परदेशी पुतळ्यांनी लावले, तरी चित्राचा विषय परदेशी असण्याचे कारण नाही. शाळेच्या भिंतीआड ग्रीक देवता उभ्या होत्या. पण भिंतीबाहेर भरलेला बाजार होता, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका होत्या, नाना तऱ्हांच्या पगड्या आणि नाना तऱ्हांची लुगडी होती. पुतळ्यापुढे बसून मिळवलेली अचूक नजर धुरंधरांनी या माणसांकडे वळवली. सण, लग्नसमारंभ, देवळांतील गर्दी, घरातील साधी कामे, जे दिसेल ते ते रेखाटू लागले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले.

पुढच्याच वर्षी, १८९६ साली, ज्या शाळेत ते शिकले त्याच शाळेत त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली आणि शहर भयग्रस्त झाले. नोकरी लागल्यावर थोड्याच काळात धुरंधरांवर पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा आघात झाला. ते दुःख सोसून त्यांनी आपले शिकवण्याचे आणि चित्रे काढण्याचे व्रत चालूच ठेवले.

शिक्षक झाले म्हणून त्यांच्यातील विद्यार्थी कधी थांबला नाही. दिवसा वर्गात दुसऱ्यांच्या रेषा सुधाराव्यात आणि उरलेल्या वेळी आपली रेषा सुधारावी, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या हातून हजारो चित्रे झाली. सी. ए. किंकेड यांनी आपल्याकडील व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या; १९१४ साली निघालेल्या त्या पुस्तकाची चित्रे धुरंधरांची आहेत. भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या स्त्रियांवरील ऑटो रॉथफील्ड यांच्या पुस्तकासाठीही त्यांनी चित्रे काढली. शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग त्यांनी मोठ्या आवडीने रंगवले. त्यांची चित्रे टपालाच्या कार्डांवरही छापली गेली आणि सामान्य माणसांच्या हाती पोचली. पुढे मुंबई इलाख्यातील शाळांच्या चित्रकला शिक्षणाचे निरीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. साठी ओलांडल्यावर नव्या दिल्लीतील सरकारी इमारतीत भित्तिचित्रे रंगवण्याचे कामही त्यांनी उत्साहाने पार पाडले.

एक उणीव मात्र त्या काळच्या राज्यव्यवस्थेत होती. भारतीय माणूस कितीही कुशल असला, तरी कलाशाळेच्या प्रमुखाची जागा त्याला मिळत नसे. ७० वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर इंग्रज अधिकारीच बसत आले होते. अखेर १९३० साली संचालकपदाचा कार्यभार धुरंधरांकडे आला. या पदाचे काम पाहणारे ते पहिले भारतीय होत. हा कार्यभार तात्पुरता होता आणि १९३१ साली ते सेवानिवृत्तही झाले. परंतु भारतीय माणूस ही जबाबदारी सांभाळू शकतो, हे सर्वांनी प्रत्यक्ष पाहिले.

त्यांची कन्या अंबिका धुरंधर यांनीही त्याच कलाशाळेत शिक्षण घेऊन पदविका मिळवली आणि त्या चित्रकार झाल्या. मुलींनी कलाशाळेत जाणे विरळा असलेल्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. धुरंधरांनी आपल्या शाळेच्या आठवणी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. विद्यार्थी म्हणून घालवलेली वर्षेही त्यांनी या एकेचाळिसांत धरली आहेत. शिकणे आणि शिकवणे हे त्यांच्या लेखी एकच अखंड काम होते. १ जून १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आज कलाशिक्षक होऊ इच्छिणारे तरुण पदविका आणि पदवी मिळवण्यासाठी महाविद्यालयांत जातात. तेथे समोर ठेवलेली वस्तू ते निरखून पाहतात, चुकलेली रेषा पुसतात आणि पुन्हा काढतात. कोल्हापूरहून आलेला एक तरुण प्लास्टरच्या पुतळ्यासमोर बसून हेच करीत होता. त्या अभ्यासाच्या बळावर आपल्या माणसांचे रूप त्याने कागदावर कायमचे जपून ठेवले आणि तेच कसब शेकडो विद्यार्थ्यांच्या हाती सोपवले.