शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी आणि बटाट्याचा श्वास



आज मी तुम्हाला एका थोर मराठी शास्त्रज्ञ बाईंची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या मोठ्या बहीण. म्हणजे घरात विद्येचं वातावरण होतं.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास झाल्या. वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत पुढे शिकावे म्हणून त्यांनी अर्ज केला. तेव्हा तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती!

कमलाबाई रडत घरी बसल्या नाहीत. त्या तडक बंगळूरला गेल्या आणि प्रवेशासाठी हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, काम पसंत पडले तरच ते धरले जाईल आणि त्यांच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. मुलांना अशा अटी नव्हत्या. कमलाबाई हा अपमान कधी विसरल्या नाहीत, पण त्याचे उत्तर त्यांनी कामाने दिले. श्री. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. तो पाहून रामन यांचेही मत बदलले आणि त्या संस्थेची दारे मुलींना उघडली.

पुढे कमलाबाई इंग्लंडला केम्ब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथे त्यांनी जो शोध लावला तो समजण्यासाठी आधी थोडं विज्ञान सांगते. कंटाळू नका बरं का!

आपण भाकरी खातो. पोटात तिच्यातील पिठाची साखर होते. त्या साखरेला ग्लुकोज म्हणतात. रक्तातून ते शरीराच्या प्रत्येक पेशीत जातं. चुलीत लाकूड जळतं तेव्हा सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. पेशीत असं झालं तर पेशीच जळून जाईल. म्हणून पेशी ग्लुकोज हळूहळू, पायरीपायरीने मोडते. पहिल्या पायरीत ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात. त्यातून ऊर्जेची फक्त २ नाणी सुटतात. या नाण्याला एटीपी म्हणतात. मग ते तुकडे पेशीतल्या तंतुकणिका नावाच्या अगदी बारीक भागात जातात. तिथे आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन उपयोगी पडतो. शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं, आणि सगळी मिळून सुमारे ३० नाणी हाती येतात. त्या कमाईवर आपण धावतो, कापूस वेचतो, अभ्यास करतो.

स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तंतुकणिकेतही तशीच रांग असते. तिथे इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम-सी. हे लोह असलेलं प्रथिन आहे. रांगेतला हा एक गडी जरी खाली बसला तरी पुढचं काम थांबतं आणि ऊर्जेची मोठी कमाई बुडते.

केम्ब्रिजला कमलाबाईंनी बटाट्यावर काम केले. बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी आहे आणि वनस्पतींच्या श्वसनातही त्याचे काम चालते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे माणसाची पेशी आणि बटाट्याची पेशी एकाच रीतीने ऊर्जा मिळवतात! आपल्या जळगाव भागात केळी पिकायला घालतात. त्या ढिगात हात घातला तर ऊब लागते. मटकी मोड आणायला फडक्यात बांधली की तीही आतून कोमट होते. ही ऊब याच श्वसनाची.

या शोधाचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. त्यावर त्यांना पीएच.डी. ही पदवी मिळाली. परदेशात राहून त्यांना पुष्कळ काही मिळवता आले असते. पण १९३९ साली त्या मायदेशी परत आल्या. दिल्ली आणि कुन्नूर येथे काम केले. १९४७ साली त्यांचे श्री. सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी अनेक विद्यार्थी घडवले आणि पुढे संचालकही झाल्या. नीरेत कोणती पोषक द्रव्ये असतात, याचा त्यांनी अभ्यास केला. गरिबांच्या मुलांना आणि गरोदर बायांना स्वस्तात पोषण मिळावे ही त्यांची तळमळ होती. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. अन्नातील भेसळ ओळखायलाही त्यांनी लोकांना शिकवले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, मला या चरित्रातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. ग्लुकोज मोडताना पेशी कधी मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. दोघांच्याही पेशीत तीच रांग आणि तेच सायटोक्रोम-सी. भेद माणसांनी केला. अर्ज नाकारला तेव्हा कमलाबाई गप्प बसल्या असत्या, तर हे काम त्यांच्या हातून झाले नसते.

आमच्या वर्गातल्या काही मुलींची शाळा सातवीनंतर सुटेल, अशी बोलणी आतापासून ऐकू येतात. हायस्कूल लांब पडतं, घरी कामाला हात हवा, लहान भावंडं सांभाळायची, ही कारणं खरी आहेत. तरीसुद्धा सर्व आई-वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या मुलीला पुढं शिकू द्या. भाकरीतली ताकद तिच्याही अंगात तेवढीच आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी