ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

धर्मग्रामाची जुबिली आली म्हणजे देवळाचा पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोणीं दिली, वेदी कोणीं बांधली, याची आठवण आपण कृतज्ञतेनें करतों. तें योग्यच आहे. परंतु ज्या शब्दांनीं आपण त्या देवळांत परमेश्वरास आळवितों, ते शब्द आपल्या भाषेंत प्रथम कोणीं घडविले, याचा विचार क्वचितच होतो. दगडचुन्याचें काम करणाऱ्यांप्रमाणें शब्दांचें काम करणारेही आपले पूर्वजच होत. त्यांत ज्यांना अग्रमान दिला पाहिजे, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत मांडावें, असें आम्हीं योजिलें आहे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन या खेड्यांत झाला. वडील व्यापारी असून घरची स्थिति चांगली होती. विंचेस्टर येथील प्रसिद्ध विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. लॅटिन व ग्रीक काव्याचें जें बाळकडू तेथें मिळालें, तें पुढें सहस्रावधि कोसांवर निराळ्याच भाषेंत फळास यावयाचें होतें.

तो काळ इंग्लंडांतील कॅथोलिकांस मोठा कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राज्यांत जुन्या धर्माला चिकटून राहणें म्हणजे दंड, तुरुंग व प्रसंगीं मरण ओढवून घेणें होतें. तरुण स्टीफन्स यांस थॉमस पाऊंड नांवाचे एक श्रीमंत व निष्ठावंत मित्र मिळाले. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पूर्वेकडील कार्याचे वृत्तांत ऐकून या दोघांचें चित्त भारून गेलें, आणि रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा असा त्यांनीं निश्चय केला. परंतु निघण्यापूर्वींच पाऊंड पकडले गेले. त्यांच्या आयुष्याचीं सुमारें ३० वर्षें नाना तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं येशूसंघांत दाखल झाले. ज्या वाटेवर दोघांनीं मिळून चालावयाचें ठरविलें होतें, ती वाट एकाला एकट्यानेंच चालावी लागली. पुढील आयुष्यांत त्यांनीं जी अविश्रांत मेहनत केली, तिच्या मुळाशीं या मित्राची आठवण असावी असें आम्हांस वाटतें.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच गलबतांचा तांडा हिंदुस्थानाकडे निघाला. त्यांत स्टीफन्स होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढल्यावर २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले. या प्रवासाची हकीकत त्यांनीं १० नोव्हेंबर १५७९ च्या पत्रांत आपल्या वडिलांस कळविली. उडणारे मासे, वादळें, वारा पडून ताटकळत राहिलेलीं गलबतें, हिरड्या सुजविणारा व अंगाची शक्ति हरण करणारा रोग, हें सर्व त्यांत आहे. त्यांच्या गलबतावर १५० हून अधिक माणसें आजारी पडलीं व २७ दगावलीं. हें पत्र पुढें हॅक्लुटच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत छापलें गेलें, आणि इंग्लंडांतील व्यापाऱ्यांनीं तें मोठ्या आवडीनें वाचलें. हिंदुस्थानांत येऊन कायमचें वास्तव्य करणारे, आपणांस माहीत असलेले पहिले इंग्रज हेच होत. मात्र ते येथें व्यापारासाठीं किंवा राज्यासाठीं आलेले नव्हते.

१५८० सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर सुमारें ४० वर्षें, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. तेथील निरनिराळ्या धर्मग्रामांत त्यांनीं प्रमुख धर्मगुरु म्हणून काम केलें, आणि कांहीं काळ येशूसंघाच्या विद्यालयाचे ते रेक्टरही होते. पोर्तुगीज लोक त्यांस पाद्री एस्तेव्हांव म्हणत.

साष्टीची तेव्हांची स्थिति निखळ सत्य सांगूनच वाचकांपुढें ठेविली पाहिजे. १५६७ सालीं तेथील शेंकडों मंदिरें सत्तेच्या बळावर पाडण्यांत आलीं होतीं, आणि लोकांच्या मनांत त्याची जखम ताजी होती. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचें दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्या वांट्यास आलें. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या पुढाऱ्यांस बोलावून नेऊन ठार केलें. अशा रक्तानें भिजलेल्या भूमींत या इंग्रज धर्मगुरूनें लेखणी हातीं घेतली. तलवारीनें जें कधींही साधावयाचें नाहीं, तें शब्दांनीं साधण्याचा त्यांनीं यत्न केला, हें त्यांचें थोरपण होय.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच व जॉन न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी आपल्या सोबत्यांसह कैद होऊन गोव्यांत आले. ते कॅथोलिक नव्हते, तरी फादर स्टीफन्स यांनीं रदबदली करून त्यांस जामिनावर सोडविण्याच्या कामीं साहाय्य केलें. २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं आपले बंधु रिचर्ड यांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं आणखी एक गोष्ट नमूद केली. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. सर विल्यम जोन्स यांनीं हाच विचार १७८६ सालीं कलकत्त्यास मांडला व त्यावर एक नवें शास्त्र उभें राहिलें. साष्टीच्या एका धर्मगुरूस तो दोनशें वर्षें आधीं सुचला होता.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांपाशीं प्रार्थना होत्या, धर्मशिक्षणाचीं प्रश्नोत्तरें होतीं, परंतु रात्रीं घरीं बसून वाचावें किंवा गावें असें कांहीं नव्हतें. त्यांचीं पूर्वींचीं पुराणें त्यांच्यापासून काढून घेतलेलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आलें नव्हतें. पिढ्यान्‌पिढ्या ओवी ऐकत आलेल्या लोकांची ही भूक फादर स्टीफन्स यांनीं ओळखली. ग्रंथाच्या आरंभींच त्यांनीं एका ब्राह्मण ख्रिस्तभक्ताच्या तोंडून ही मागणी वदविली आहे.

ही मागणी पुरी करण्यास त्यांनीं घाई केली नाहीं. लोकांची बोली त्यांनीं लोकांतच राहून शिकून घेतली, आणि ग्रंथांतील मराठी ग्रंथांतून. संत एकनाथ त्यांचे समकालीन होते, आणि ज्ञानेश्वरांपासून चालत आलेल्या ओवीचें वळण त्यांनीं पूर्णपणें आत्मसात् केलें. गोव्यास पाऊल ठेवल्यापासून ग्रंथ छापून होईपर्यंत ३७ वर्षें लोटलीं. ग्रंथ बाहेर आला तेव्हां कवीचें वय सदुसष्ट वर्षांच्या आसपास होतें. आजचे तरुण लेखक पहिल्या कवितेलाच कीर्तीची वाट पाहूं लागतात. त्यांनीं या संथ साधनेकडे अवश्य पाहावें, अशी आमची विनंती आहे.

१६१६ सालीं राशोल येथें हा ग्रंथ छापला गेला. जगाच्या तारकाच्या आगमनाविषयींचें निरूपण अशा अर्थाचें पोर्तुगीज नांव त्यास दिलेलें होतें, परंतु लोकांत तो ख्रिस्तपुराण म्हणूनच गाजला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरूंत, म्हणजे अध्यायांत, आहे. दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र ५९ अवस्वरूंत आहे. एकंदर ओव्या ११,००० च्या जवळपास भरतात. भाषा मराठी ठेविली, परंतु सामान्य जनांस समजावी म्हणून कठीण शब्द टाळून गोमंतकीय बोलींतील सोपे शब्द मिसळले, असा खुलासा कवीनेंच केला आहे. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास त्यांस संकोच वाटला नाहीं. उलट ख्रिस्तसभेचे कांहीं खास शब्द पोर्तुगीजच ठेविले. रत्नें, फुलें, सुगंध, पक्षी व वृक्ष यांच्या उपमा देऊन त्यांनीं मराठीची जी थोरवी गाइली आहे, ती तर आज अख्रिस्ती मराठी जनांच्याही परिचयाची आहे. परक्या देशांत जन्मलेल्या माणसानें आपल्या भाषेवर इतकें प्रेम करावें, हें पाहून प्रत्येक मराठी भाषिकाचें मन भरून येतें.

एक इच्छा मात्र त्यांची अपुरी राहिली. मलबारच्या ख्रिस्ती लोकांसाठीं १५७८ सालींच तमिळ लिपींत पुस्तक छापलें गेलें होतें. आपल्या लोकांसही त्यांच्याच अक्षरांत छापलेलीं पुस्तकें मिळावीं, असें फादर स्टीफन्स यांस अनेक वर्षें वाटत होतें. १६०८ सालीं त्यांनीं रोममधील येशूसंघाच्या मुख्याधिकाऱ्यांस तसें लिहिलें. अडचण अशी होती कीं, युरोपांत २४ अक्षरांचे सांचे पुरत असतां येथें जोडाक्षरांसह सुमारें ६०० सांचे ओतावे लागले असते, आणि वरिष्ठांच्या आज्ञेवांचून हें काम होण्यासारखें नव्हतें. तें झालें नाहीं. मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. कवीनें कुरकुर न करितां जें साधन मिळालें त्यांतच काम केलें, आणि १६१९ सालीं देह ठेविला. त्यांची प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ सालीं छापली गेली. कोंकणी भाषेचें व्याकरण दुसऱ्या धर्मगुरूंनीं भर घालून १६४० सालीं प्रसिद्ध केलें. हिंदुस्थानांतील भाषांचीं जीं अगदीं पहिलीं छापील व्याकरणें, त्यांत त्याची गणना होते.

पुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, आणि दिवस पालटले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? तो साध्या माणसांनीं वांचविला. गोव्याहून दक्षिणेकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें नकला करून तो जपला, उपासकाळांत घरोघर त्याचें गायन केलें, आणि पुढच्या पिढीच्या हातीं दिला. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हा रोमन लिपींत छापला. पुढें लंडन येथील मार्स्डेन संग्रहांत देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित असल्याचें रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनीं विद्वानांच्या निदर्शनास आणलें. १९५६ सालीं श्री. शांताराम बंडेलू यांनीं पुणें येथें संपूर्ण पुराण देवनागरींत प्रसिद्ध केलें. पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनीं कवीच्या ओव्या त्यांच्या वाचकांच्या अक्षरांत छापल्या गेल्या. त्यानंतर फादर नेल्सन फाल्काव यांनीं मार्स्डेन प्रतीच्या आधारें २००९ सालीं मूळ ग्रंथ आधुनिक मराठी अर्थासह सादर केला, त्यामुळें आजच्या सामान्य वाचकासही तो सुलभ झाला आहे.

असो. या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? फादर स्टीफन्स यांनीं आपल्यासाठीं कांहीं मागितलें नाहीं. लोकांसाठीं अक्षरें मागितलीं, तींही त्यांच्या हयातींत मिळालीं नाहींत. आज आम्हांस अक्षरें आहेत, छापखाने आहेत, ग्रंथही हातीं आहे. आतां उणीव आहे ती वाचणाऱ्यांची. आमच्या पुष्कळ घरांतून मुलें मराठी बोलतात, पण वाचीत नाहींत. प्रार्थना पाठ करतात, पण तिच्या शब्दांची गोडी त्यांस लागत नाहीं. या जुबिलीच्या निमित्तानें प्रत्येक कुटुंबानें येत्या उपासकाळांत रोज रात्रीं जपमाळेनंतर ख्रिस्तपुराणाच्या दहा ओव्या मोठ्यानें वाचाव्या, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ आजीआजोबांनीं मुलांस सांगावा, असें आम्ही नम्रपणें सुचवितों. ज्यांना लिहिण्याची देणगी आहे, त्यांनीं ती देवाची ठेव समजून वाढवावी.

ज्या प्रभूची कथा सांगण्यांत फादर स्टीफन्स यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्याच्या सान्निध्यांत त्यांस चिरशांति लाभो, आणि त्यांनीं लाविलेला हा दिवा आमच्या धर्मग्रामाच्या घराघरांत तेवत राहो, हीच प्रार्थना.